चूक किती टक्के?

आमच्या दोंडाईचात मोटारसायकलचा अपघात झाला, की चूक कुणाची याचा निकाल लागायला वेळ लागत नाही. जखमी माणूस अजून रस्त्यावर पडलेला असतो, कुणीतरी पाणी आणायला धावलेलं असतं आणि भोवतीच्या गर्दीत निकाल जाहीर होऊन गेलेला असतो. ‘हाच जोरात होता.’ ‘ट्रिपल सीट होते, मग काय होणार?’ ‘आजकालची पोरं!’ गाडी मोठी असेल तर चूक मोठ्या गाडीवाल्याची, असं मानणारा एक पक्ष असतो. मोटारसायकलवाला तरुण असेल तर चूक त्याचीच, असं मानणारा दुसरा. थोड्या वेळाने दोन्ही पक्ष आपापल्या कामाला निघून जातात. निकाल मात्र मागे राहतो. तो फिर्यादीत जातो, पंचनाम्यात जातो आणि पुढे काही वर्षांनी धुळ्याच्या कोर्टात रुपयांत मोजला जातो.

मी वकील नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण लहान गावात कवीला अर्जही लिहून द्यावे लागतात. ‘सर, तुमची मराठी चांगली आहे, एवढं लिहून द्या,’ म्हणत लोक येतात. मुसलमान असून मराठी इतकी चांगली कशी, असंही पूर्वी विचारायचे. आता विचारत नाहीत. असो. रेशनकार्डाच्या अर्जापासून सुरुवात झाली, आणि कधीतरी अपघाताचे कागद घेऊन माणसं दारात येऊ लागली. ते कागद वाचता वाचता जे कळलं आणि पुढे न्यायालयांचे निकाल वाचून जे पक्कं झालं, ते आज सांगायचं आहे.

आपल्याकडे रस्ते अरुंद, वाहनं नाना तऱ्हेची. शहाद्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मिरचीच्या हंगामात मार्केटकडे येणारे टेम्पो, चिमठाण्यावरून सोनगीरकडे जाणाऱ्या ट्रका, मध्येच बैलगाडी, मध्येच शेळ्या. आणि या सगळ्यांतून वाट काढणारी मोटारसायकल. देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. १८ ऑगस्ट २०१९ च्या रात्री आमच्याजवळ निमगूळला एसटी आणि कंटेनरची धडक झाली, डझनाहून अधिक माणसं दगावली. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर वाहनांना उडवत महामार्गालगतच्या हॉटेलात घुसला. वाटेत मोटारसायकलीही सापडल्या. असे अपघात पहिल्या पानावर येतात, पुढारी येतात, मदत जाहीर होते. एकट्यादुकट्या मोटारसायकलवाल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. त्याच्या घरच्यांना मदत जाहीर करायला कुणी येत नाही. त्यांच्याकडे असतो तो दावा, आणि दाव्यात पहिला प्रश्न असतो चुकीचा.

इथे एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. सरकार जी जाहीर करतं ती मदत. कोर्टात मिळते ती भरपाई. मदत ही मेहेरबानी असते, भरपाई हा हक्क. दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि त्यामुळे हक्क मागतानाही आपला आवाज मदत मागणाऱ्यासारखा होतो.

आता फिर्यादीची भाषा पाहा. ‘भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने, रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून’ हे शब्द वर्षानुवर्षं तसेच चालत आले आहेत. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले, ही शब्दांची साखळी तशीच आहे. मी शब्दांशी खेळणारा माणूस. मला आधी हे घोटीव वाक्य पाहून हसू यायचं. पण त्यातला प्रत्येक शब्द पैशांचा आहे. हयगय कुणी केली, ट्रकवाल्याने की मोटारसायकलवाल्याने, यावर सगळं उभं राहतं. आणि बहुतेक वेळा फिर्याद देणारा नातेवाईक अपघाताच्या जागी नव्हताच. त्याला फोन आला, तो धावत दवाखान्यात गेला, रात्री पोलीस ठाण्यात बसला आणि गर्दीत जे ऐकलं ते त्याने सांगितलं. ‘आमचा पोरगा ओव्हरटेक करायला गेला असेल,’ असं एक ‘असेल’ तो बोलून जातो. लिहिणारा ‘असेल’ गाळतो. पुढे विमा कंपनीचा वकील तेवढीच ओळ मोठ्याने वाचून दाखवतो.

म्हणून लोकांना मी एकच सांगतो. जे पाहिलं नाही ते सांगू नका. ‘मी तिथे नव्हतो, मला असं असं कळलं’ एवढं लिहून घ्यायला सांगा. सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या. पंचनामा होताना घरचं कुणी शुद्धीवरचं माणूस तिथे असावं. गाड्या हलवण्याआधीचे फोटो, टायर घासल्याच्या खुणा, काचा कुठे पडल्या, रस्त्याची कड कुठे होती, हे मोबाईलमध्ये राहू द्या. काच कुठे पडली हे सांगायला साक्षीदार चार वर्षांनी कोर्टात उभा राहतो, तेव्हा त्याला काय आठवणार? साक्षीदार मिळणंही अवघड. जखमीला दवाखान्यात नेलं तर आपणच अडकू, ही भीती अजून गेलेली नाही. वास्तविक २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अशा मदत करणाऱ्या माणसाला संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. पण त्याने आपणहून साक्ष दिली, तर एक घर सावरतं.

फौजदारी खटला वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा, हेही पुष्कळांना माहीत नसतं. ट्रकवाला खटल्यातून सुटला, म्हणजे आपलं सगळं संपलं असं समजून लोक घरी बसतात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० सालीच सांगून ठेवलं आहे, की फौजदारी सुटकेने भरपाई अडत नाही. शिक्षा द्यायची तर संशयाला जागा राहता कामा नये. भरपाईसाठी एवढं पुरतं, की अपघात असा घडला असण्याची शक्यता दुसऱ्या शक्यतेपेक्षा अधिक आहे.

आता टक्क्यांकडे येतो. दोघांच्याही चुकीने अपघात झाला असेल, तर न्यायाधिकरण चूक वाटून देतं. मयताची ३० टक्के, ट्रकवाल्याची ७०, असं. आणि जेवढे टक्के मयताच्या वाट्याला, तेवढी भरपाई कमी. ऐकायला हे सरळ वाटतं. हिशेब मांडल्यावर त्याचं वजन कळतं. समजा, मार्केटमध्ये हमाली करणारा २८ वर्षांचा माणूस गेला. महिन्याची कमाई १२ हजार. म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. तरुण माणूस, पुढे कमाई वाढली असती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले २ लाख १ हजार ६००. मागे बायको, दोन मुलं आणि आई अशी चार माणसं असतील, तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. राहिले १ लाख ५१ हजार २००. आता वयाचा गुणक. २००९ च्या सरला वर्मा निकालात हा तक्ता घालून दिलेला आहे. पंचविशीपर्यंत १८, पुढे वय वाढेल तसा कमी होत होत पासष्टीनंतर ५. अठ्ठावीस वर्षांसाठी १७. गुणाकार केला की २५ लाख ७० हजार ४०० होतात. अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा त्याशिवाय.

आता ‘हाच जोरात होता’ या गर्दीतल्या वाक्याची किंमत काढा. प्रत्येक दहा टक्क्यांना २ लाख ५७ हजार. तीस टक्के चूक धरली गेली, की पावणेआठ लाख कमी झाले. बोलणारा माणूस तर तेव्हाच चहा पिऊन निघून गेलेला असतो.

तेव्हा चूक म्हणजे नेमकं काय, हे नीट समजून घ्यायला हवं. आपण गावात ज्याला चूक म्हणतो ती आणि कायदा ज्याला चूक म्हणतो ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सारंगखेड्याच्या यात्रेला आपल्या भागातली निम्मी पोरं तिघं-तिघं बसून जातात. तिघं बसणं गुन्हा आहे, दंड होईल. पण मागून ट्रकने येऊन धडक दिली असेल, तर तिसरा माणूस बसला होता म्हणून ट्रक आदळला का? २०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे नेमकं असंच प्रकरण होतं. मोटारसायकलवर तिघे, मागे बसलेला एक तरुण गेला. उच्च न्यायालयाने तिघं होते म्हणून दहा टक्के कापले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिले. म्हणाले, तिघं बसल्यामुळे अपघात झाला, किंवा त्यामुळे इजा वाढली, असं दाखवा. नुसता नियम मोडला म्हणजे अपघाताची चूक होत नाही. लायसन्सचंही तसंच. लायसन्स नसणं हा गुन्हा. पण तेवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं २००८ च्या निकालात म्हटलेलं आहे.

यावरून कुणी तिघं बसण्याची मुभा मिळाली असं समजू नये. तिघांच्या वजनाने गाडी हेलकावली आणि समोरच्यावर गेली, तर तोच तिसरा माणूस दाव्यात आडवा येईल. हेल्मेट नसेल आणि मार डोक्यालाच असेल, तर विमा कंपनी तो मुद्दा सोडणार नाही. मला सांगायचं ते एवढंच, की गर्दीने ‘ट्रिपल सीट’ म्हटलं म्हणून मयताच्या बापाने मान खाली घालून घरी येऊ नये.

रात्री रस्त्यात उभी असलेली वाहनं ही आमच्या भागातली मोठी कटकट. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यातच, मागे ना दिवा ना लाल कापड. फार तर चार दगड ठेवलेले. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला, की मोटारसायकल सरळ त्यावर जाते. मग लोक म्हणतात, उभ्या गाडीवर जाऊन आदळला, म्हणजे चूक त्याचीच. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात, रस्त्याच्या मधोमध बिनदिव्याच्या उभ्या टँकरवर मोटार आदळली असताना, सगळी जबाबदारी टँकरवाल्यावर टाकली. उच्च न्यायालयाने निम्मी चूक मोटारवाल्याची धरली होती, ती रद्द केली. मात्र त्याच वर्षीचा दुसरा निकालही लक्षात ठेवावा. पुढे ट्रक चाललेला, मागे दहा-पंधरा फुटांवर मोटार. ट्रकने एकाएकी ब्रेक लावला आणि मोटार आदळली. तिथे न्यायालय म्हणालं, एवढ्या जवळून चालणं हीच मागच्याची चूक. ‘पुढचा अचानक थांबला’ हे वाक्य दर वेळी कामाला येत नाही.

बैलगाडीची गोष्ट तर अशी आहे, की ऐकून आपल्याला आपलाच रस्ता आठवेल. कर्नाटकातलं इलकल आपल्याकडच्या बायकांना इरकली लुगड्यांमुळे ठाऊक आहे. तिथून एक माणूस ओळखीच्याची मोटारसायकल घेऊन आपल्या गावाकडे निघाला. पुढे लोखंडी पत्रे घेतलेली बैलगाडी होती. ती एकाएकी थांबली आणि तो तिच्यावर आदळून गेला. बैलगाडीला विमा नसतो. मोटारसायकलला होता, म्हणून बायकोने त्या विम्यावर दावा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ साली न्यायालयाने सांगितलं, की ज्याने गाडी मागून घेतली तो चालवताना मालकाच्याच जागी उभा असतो. मालकाला आपल्याच गाडीच्या विम्याकडून ‘तिसऱ्या माणसा’सारखी भरपाई मागता येत नाही. तेव्हाच्या कलम १६३-अ खालचा तिचा दावा टिकला नाही. दुसऱ्या कलमाखाली काही मिळू शकतं का हे पाहण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेलं. आपल्याकडे मोटारसायकल मागून नेणं हे मीठ-साखर मागून नेण्याइतकं साधं आहे. ‘जरा चावी दे, शिंदखेड्याला जाऊन येतो.’ त्या चावीबरोबर काय येतं आणि काय येत नाही, हे सांगावं म्हणून हा किस्सा.

आणि मागे बसणारी बाई. तिची चूक शून्य असते, हे तर उघड आहे. दोन वाहनांची टक्कर झाली, दोघेही चुकले, तरी ती दोघांपैकी कुणाकडेही पूर्ण भरपाई मागू शकते; ते दोघे नंतर आपसात हिशेब करतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली हे स्पष्ट केलं आहे. पण समोर दुसरं वाहनच नसेल तर? नवरा-बायको माहेरच्या लग्नाला निघाले, कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, बायको डोक्यावर पडली. चूक कुणाची धरायची तर नवऱ्याची. नवऱ्याच्या गाडीला विमा आहे, पण नुसता ‘थर्ड पार्टी’. २००६ च्या निकालाप्रमाणे त्या विम्यात मागे बसलेलं माणूस येत नाही. पैसे मिळत नाहीत. एजंटाकडे आपण जातो तेव्हा ‘सगळ्यात स्वस्त कोणता’ एवढंच विचारतो. मागे कोण बसतं, असं तोही विचारत नाही. पॅकेज पॉलिसी, ज्याला लोक ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात, ती असेल किंवा मागे बसणाऱ्यासाठी वेगळे थोडे पैसे भरले असतील, तर गोष्ट निराळी. तसंच मालक स्वतः चालवत असेल, तर त्याच्यासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. २०१८ साली ही रक्कम झाली. दुचाकीला पूर्वी ती एक लाखच होती. इथे चूक कुणाची हा प्रश्न येत नाही, फक्त लायसन्स चालू हवं. पुष्कळ घरांत मयताच्या कपाटात ही पॉलिसी पडून असते आणि कुणी ती उघडून वाचत नाही.

सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटारसायकल घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. हे चांगलं झालं. पण पाच वर्षं झाली, की लोकांना विमा नावाची गोष्ट असते याचाच विसर पडतो. सहाव्या वर्षी आपल्या गाडीने कुणाला धक्का बसला, तर ती सगळी भरपाई मालकाच्या घरावर, शेतावर येते.

अपघातात माणूस वाचला, पण अधू झाला, तर आणखी एक टक्का मध्ये येतो. अपंगत्वाचा दाखला. हात गेला, डॉक्टरांनी लिहिलं ६० टक्के. मग कमाईही ६० टक्केच बुडाली असं धरायचं का? सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितलं, की शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नसतात. एक हात गेलेला कारकून कचेरीत बसू शकेल. सुतार किंवा ड्रायव्हर मात्र शंभर टक्के संपला. आमच्याकडे मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईची बोटं आखडली, तर दाखल्यावर कदाचित १५ टक्के येतील. ती बोटंच तिची मजुरी आहेत, हे दाव्यात लिहावं लागतं. आपोआप कुणी धरत नाही. आणि घर सांभाळणारी बाई ‘काही करत नव्हती’ असं तर लिहूच नका. तिच्या कामाला किंमत आहे, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे. आपणच अर्जात ‘घरकाम’ हा शब्द असा लिहितो, जणू बेकारीला दुसरं नाव.

हे सगळं सांगूनही एक गोष्ट उरतेच. भरपाई घ्यायलाच तयार नसलेली माणसं. एका म्हाताऱ्या आईने मला अहिराणीत विचारलं होतं, ‘मना आंडोरना पैसा मी खाऊ का?’ माझ्या लेकाचे पैसे मी खाऊ का? आमच्या मोहल्ल्यात लोक म्हणतात, नसीब में था. शेजारच्या गल्लीत म्हणतात, लिहिलेलं टळत नाही. शब्द वेगळे, सुस्कारा एकच. नशीब मी नाकारत नाही. पण ट्रॉलीला मागे दिवा लावायचा नाही, हे नशिबाने ठरवलेलं नव्हतं. आपल्याकडे १८५५ सालच्या कायद्याने पहिल्यांदा हे मान्य केलं, की दुसऱ्याच्या चुकीने माणूस गेला, तर त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांचं नुकसान त्याच्याबरोबर जात नाही, ते मागे राहतं. लेकाचं मोल कुणी करत नाही. तो घरात जे आणत होता, त्याचा हिशेब होतो. त्या आईला मी हे सांगितलं. पटलं की नाही, ती बोलली नाही; अंगठा मात्र दिला.

न घेण्याचं दुसरं कारण म्हणजे मिटवामिटवी. जागेवर पाच-दहा हजार रुपये, दवाखान्याचं बिल आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असा कागद. समोरचाही बहुतेक आपल्याच पंचक्रोशीतला, कधी नात्यातला. गोडीगुलाबीने मिटावं याला माझा विरोध नाही. पण डोक्याला मार असेल, कंबरेला असेल, तर पहिल्या आठवड्यात काहीच कळत नाही. कळतं तेव्हा हातात तो कागद असतो. आणि देणारा पैसे खिशातून देत असतो, तर विमा कंपनी, जिने द्यायचे ते न देताच मोकळी होते, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही.

तिसरं कारण, खेटे. भरपाई या शब्दाशी आमच्या तालुक्याचं जुनं दुखणं आहे. जवळच्या विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत ते गेले. तो प्रश्न जमिनीचा होता, कायदाही वेगळा. पण ‘भरपाई’ म्हटलं, की इथल्या माणसाला आधी तेच आठवतं आणि तो म्हणतो, नको ते. म्हणून सांगतो, अपघाताच्या दाव्यात वाटा थोड्या सोप्या आहेत. पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला अपघाताची पहिली खबर द्यायची आणि तीन महिन्यांत सविस्तर अहवाल द्यायचा, असे नियम एप्रिल २०२२ पासून आहेत. ते दिलं की नाही, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. दावा अपघात झाला तिथेच करावा लागतो असंही नाही. आपण राहतो तिथेही करता येतो. आमची कितीतरी पोरं सुरतेला उधना, लिंबायत भागात कामाला आहेत. तिकडे अपघात झाला, तरी दावा धुळ्यात चालू शकतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

मुदतीचं मात्र ऐका. ‘क्लेम कधीही टाकता येतो’ असं सांगणारी जुनी माणसं गावोगाव आहेत. १९९४ ते २०२२ या काळापुरतं ते खरं होतं. १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने, केवळ उशीर झाला म्हणून असे दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेशही दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी चाळिसाव्यानंतर, वर्षश्राद्धानंतर बघू, असं म्हणू नये.

चूक सिद्ध करण्याची ताकदच नसेल, साक्षीदार नसतील, तर कलम १६४ आहे. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. चूक दाखवावी लागत नाही. विमा कंपनीचा माणूस कधी स्वतःहून ही रक्कम घेऊन येतो. घाई करू नका. ती स्वीकारली, की मोठा दावा संपतो, आणि आत्ताच केलेल्या हिशेबात आपण २५ लाखांपर्यंत गेलो होतो. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तर वाट कोर्टाची नाही, महसूल खात्याची. प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत अर्ज करायचा. एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. खड्ड्यामुळे मोटारसायकल पडली, तर चूक रस्त्याची, हे आपण सगळेच म्हणतो. पण रस्त्यावर दावा कसा करणार? मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उत्तर दिलं. खड्ड्याने किंवा उघड्या गटाराने माणूस गेला, तर रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेने ६ लाख द्यायचे, जखमीला ५० हजार ते अडीच लाख. तेव्हा खड्ड्याचाही फोटो काढून ठेवा, शेजारी काही वस्तू ठेवून, म्हणजे खोली कळेल.

शेवटी पैसे मिळतात तेव्हा घरातच नवा प्रश्न उभा राहतो. सून तरुण असते. तिच्या माहेरचे म्हणतात, पोरीचं आयुष्य पडलं आहे. सासरचे म्हणतात, दुसरं लग्न केलं तर हिचा हिस्सा कसला? विमा कंपनीही हाच मुद्दा काढते. २०१० च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात कामशेतकडे निघालेल्या मोटारसायकलला रिक्षाची धडक बसली; मागे बसलेला तरुण गेला. त्याची बायको तेव्हा १९ वर्षांची होती. दावा चालू असताना तिने दुसरं लग्न केलं. विमा कंपनी अपिलात गेली, आता तिला कसली भरपाई, म्हणून. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते अपील फेटाळलं. नवरा गेला तेव्हा ती त्याची बायको होती, एवढं पुरेसं आहे. भरपाई हवी तर तिने जन्मभर विधवा राहावं, अशी अपेक्षा करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आई-वडिलांचा हिस्सा न्यायाधिकरण वेगळा ठरवून देतं, मुलांचा बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावतं, ती सज्ञान होईपर्यंत. सुनेचा हिस्सा सुनेच्या नावावर जातो. त्या कागदावर सही करायची वेळ येते तेव्हा दोन्हीकडची माणसं माझ्याकडे येऊन बसतात, आणि मी त्यांना हा निकाल वाचून दाखवतो.